फळीखालची जमीन



घरात लाकडी जमीन करायची निघाली की जो तो लाकडाची चौकशी करतो. साग आहे का, फळी किती जाडीची, पॉलिश कुठले? खाली काय आहे, हे विचारणारा विरळा. पण फळी दिसते तेवढीच; भार पेलतो तो तळ. तळ उंचसखल असेल तर उत्तम सागही लवकरच कुरकुरू लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या मंडळींची दृष्टी आता पार मंदावली आहे. त्या पायांनी पाहतात. बाहेरच्या खोलीतली शहाबादी फरशी जुनी. कुठे कड उचललेली, कुठे दबलेली. अशाच एका कडेला ठेच लागून त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले. उठून चालू लागल्या, पण त्या खोलीत पाऊल टाकीनात. एकादशीचे भजन तिथेच होते. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून टाळ वाजवीत. तेव्हा मुलाने लाकडी जमीन करायचे ठरविले. आषाढीपूर्वी काम उरकावे, अशी सर्वांची इच्छा.

मिस्त्री जुना, सच्च्या हाताचा. पहिल्या दिवशी त्याने एकही फळी आणली नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक फरशी ठोकीत गेला. मृदंगाच्या साथीला आयुष्यभर उभा राहिलेला माझा कान. भरीव कोणती नि पोकळ कोणती, हे मलाही कळू लागले. पोकळ वाजल्या त्या नऊ फरश्या उचलून पुन्हा पक्क्या बसविल्या. मग दहा फुटी सरळ पट्टी त्याने सर्व दिशांनी फिरविली. पट्टीखाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली की खडूने फुली. पट्टी जिथे डुलली तिथे गोल. फुली म्हणजे खड्डा, गोल म्हणजे उंचवटा.

मी विचारले, "सगळी खोलीच दाराकडे उतरती आहे, त्याचे काय?"

"बुवा, उतार असू द्या. लाकडाला उतार चालतो, उंचसखल चालत नाही."

बारकावा ध्यानात घ्या. समपातळी वेगळी आणि सपाटी वेगळी. थोड्या उतारावरही फळी सर्वांगाने टेकते. खड्ड्यावर मात्र ती पुलासारखी अधांतरी राहते. पाऊल पडले की लवते, उचलले की वर येते. असे होता होता खिळा सैल होतो, सांधे एकमेकांवर घासतात आणि कुरकुर सुरू होते.

मग त्याने दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कागदाच्या आतून पाण्याचे थेंब! मागच्या भिंतीबाहेर माती साचून जोत्याच्या वर आली होती. पागोळ्यांचे पाणी तिथेच मुरत होते. माती काढली, पाण्याला बाहेरचा उतार दिला. पण मिस्त्री म्हणाला, ओल सुकेपर्यंत फळी लावणार नाही.

मुलगा हिरमुसला. मंडळी म्हणाल्या, "अहो, एवढ्या वाऱ्या चाललो, चातुर्मासभर उंबऱ्याशी बसायला काय होतंय?"

कार्तिकी झाल्यावर पुन्हा कागद लावला, कोरडा निघाला. मग उंचवटे यंत्राने घासले. खोलीभर धुरळा, देव्हारा ओल्या पंचाने झाकला. खड्ड्यांत पुठ्ठा किंवा वाळू घाला, असे सांगणारे भेटले. पण पुठ्ठा दबतो, वाळू सरकते. मिस्त्रीने धूळ टिपून प्राइमर मारला आणि आपोआप पसरणारे सिमेंटचे मिश्रण ओतले. वाळल्यावर मंडळींना अनवाणी चालविले. खिडकीपाशी त्या थांबल्या. "इथे पाय खाली जातो, बाबा." पट्टी लावली, तिथे सहा मिलिमीटर फट!

ती जागा भरल्यावर जाड प्लॅस्टिक, प्लायवूड आणि वर फळी. फळ्या आधी आठ दिवस त्याच खोलीत ठेवल्या होत्या, म्हणजे तिथली हवा त्यांच्या अंगवळणी पडावी. भिंतीलगत बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडली, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते. वरून पट्टी आली, फट झाकली.

मार्गशीर्षातल्या एकादशीला मंडळी भिंत न धरता आत आल्या आणि वीणेकऱ्याशेजारी बसल्या.

मृदंगाच्या धुम्याला कणीक लावून वादक सूर जुळवीत असतो, तेव्हा श्रोत्यांना तो वेळ वाया गेलासा वाटतो. पण पुढचे सारे कीर्तन त्यावरच उभे असते. आपल्या घरी असे काम निघाले तर लाकडाचा भाव विचारण्याआधी पट्टी फिरवा, एक दिवस कागद चिकटवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथे अनवाणी चालवून पाहा. डोळ्याला जे चुकते ते पायाला चुकत नाही.