अपुरा हंगाम

अर्धवट सुटलेल्या गोष्टींचे मला लहानपणापासून वावडे आहे. कादंबरीचे शेवटचे पान फाटलेले निघाले, तर ते मी मनाशीच रचून काढीत असे. त्यामुळे बर्फावरील हॉकीच्या स्टॅन्ले चषकावर १९१९ सालापाशी दोन्ही संघांची नावे आणि ‘मालिका पूर्ण झाली नाही’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत, हे वाचून मी अस्वस्थ झालो.

सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्स व माँट्रिअल कॅनेडियन्स हे धंदेवाईक संघ त्या वर्षी सिअ‍ॅटल येथे अखेरच्या झुंजीत होते. पाच सामने झाले. दोन याचे, दोन त्याचे, आणि एक तर जादा वेळ खेळूनही शून्य-शून्य बरोबरीत! सहावा सामना १ एप्रिलला व्हायचा, तो काही तास आधी रद्द करावा लागला. माँट्रिअलचे बहुतेक खेळाडू इन्फ्ल्यूएन्झाने अंथरुणाला खिळले होते. त्यांपैकी जो हॉल ५ एप्रिलला वारला.

हीच ती आपल्याकडची मानमोडी. आमच्या घरच्या वंशावळीत १९१८ सालच्या दोन नावांपुढे तेवढा एकच शब्द लिहिलेला आहे.

माँट्रिअलच्या व्यवस्थापकाने चषक प्रतिपक्षास देऊ केला. सिअ‍ॅटलच्या पीट मल्डून यांनी तो घेतला नाही. मी असतो तर, खरे सांगतो, घेतला असता! १९१७ साली हाच चषक जिंकलेल्या त्या संघाच्या हाती तो पुन्हा कधीच आला नाही. १९२४ साली तो संघही मोडला.