लिली म्हणजे कोणती?

शब्द आणि वस्तू यांचे नाते यादृच्छिक असते, हे आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. सोस्यूरचे नाव घेऊन फळ्यावर एक झाड काढले, की निम्मा तास सुखाने पार पडतो. या सिद्धान्ताची परीक्षा आमच्या मनीवर येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

निमित्त झाले एका निरोप समारंभाचे. तेथे मिळालेल्या पुष्पगुच्छात गुलाबी-पांढऱ्या लिलीची तीन मोठी फुले होती. ती आम्ही फुलदाणीत ठेवली. संध्याकाळी पाहतो, तो मनीच्या मिशांवर केशरी पराग! ती पंजाने तोंड पुसून पंजा चाटीत राहिली आणि आम्ही ते कौतुकाने पाहत राहिलो. रात्री ती दोनदा ओकली आणि कोपऱ्यात निपचित पडली. पशुवैद्यांना दूरध्वनी केला. त्यांनी विचारले, "कोणती लिली?"

"लिली म्हणजे... लिली," आम्ही उत्तरलो. जन्मभर शब्दार्थ शिकविणाऱ्याचे हे उत्तर!

छायाचित्र पाहताच त्यांनी तत्काळ बोलावले. 'लिलियम' प्रजातीतील ही खरी लिली मांजराची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी करू शकते. पान, पाकळी, पराग, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीही पुरेसे होते. नेमके विषद्रव्य अद्याप ओळखता आलेले नाही. उपचार म्हणजे मुख्यतः शिरेतून सलाइन, आणि तेही शक्य तितक्या लवकर. उशीर झाला, तर बहुधा उपाय उरत नाही. मनीला दोन दिवस सलाइन लावून ठेवले होते. ती वाचली, त्यात आमच्या शहाणपणाचा वाटा काहीच नाही.

घरी परतल्यावर आम्ही प्रथमच आमची बाग नीट वाचली. पहिल्या पावसाबरोबर उमलणारी रेन लिली आणि कुंपणालगतची स्पायडर लिली : यांच्या कंदांनी पोट बिघडते. दिवाणखान्यातली पीस लिली तोंडाची आग करते, पण मूत्रपिंडांना धक्का लावीत नाही. रोपवाटिकेत 'कॅना लिली' म्हणून विकली जाते ती आपली कर्दळ; तिच्यापासून मांजराला भय नाही. मात्र डे-लिलीला वनस्पतिशास्त्र खऱ्या लिलीत गणत नसले, तरी मांजरासाठी ती तितकीच घातक. एका नावाखाली निरुपद्रवी आणि जीवघेणी अशी दोन्ही फुले शेजारी-शेजारी नांदत होती.

इंग्रजीत 'ग्लोरी लिली' म्हणून मिरवणारी आमची कळलावीही अशीच. तिच्यात, विशेषतः कंदात, कोल्चिसीन असते. ते माणसालाही मारते. पण प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून पडलेले तिचे मराठी नाव निदान सावध तरी करते. 'लिली' हे नाव काहीच सांगत नाही. उलट कवितांतून साचलेली शुभ्रता आणि निरागसता तेवढी पुढे करते. अनेकार्थता हे कवितेचे वैभव आहे, हे आम्ही आजही शिकवू. पण पशुवैद्यांच्या दारात एकच अर्थ हवा असतो.

डे-लिली आम्ही काढून टाकली. उरलेल्या कुंड्यांवर आता पूर्ण नावांच्या पाट्या आहेत. मनी त्यांना अंग घासून पुढे जाते. पाट्या तिच्यासाठी नाहीतच. त्या आमच्यासाठी आहेत.