तीन लोंब्यांचे गाव

गोंदियाहून चांद्याकडे जाणारी गाडी नागभीड सोडते आणि खिडकीबाहेर झाडी दाट होऊ लागते. मध्येच ती बाजूला सरते, एखादा तलाव चमकतो आणि त्याच्या खाली धानाच्या बांध्या पसरलेल्या दिसतात. माजी मालगुजारांच्या वेळचे हे तलाव. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. भाच्यांना इतके सांभाळणारा मामा विरळाच!

आम्हाला नांदेडला जायचे होते. मराठवाड्यातले नव्हे, नागभीड तालुक्यातले, तळोधीजवळचे लहानसे खेडे. दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे गाव.

वाचकहो, एचएमटी तांदळाचा भात आपण खाल्ला असेल. तो वाण या गावचा. दादाजींचे शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. 1983 साली पटेल-3 या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दाण्याच्या दिसल्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या आणि पुढल्या वर्षी निराळ्या पेरल्या. रानडुकरे येऊ नयेत म्हणून भोवती काट्यांचे कुंपण केले. असे वर्षामागून वर्ष निवडीत गेले. धान बहुतेक आपल्याच परागावर पिकते, म्हणून निवडलेल्या लोंबीचा गुण पुढच्या पिकात उतरतो. पण निवडणारा डोळा लागतो.

तो डोळा कुठून आला? मला वाटते, दीड एकरानेच दिला. पन्नास एकरांचा धनी धुऱ्यावरून पीक पाहतो. ज्याचे पोट एवढ्याशा बांधीवर, त्याच्या हाताखालून एकेक लोंबी जाते. कष्टाचा फायदा म्हणायचा तर हा. मात्र गरिबी चांगली असे मी म्हणणार नाही. तीच ओढाताण हजारो घरांत आहे, आणि सगळ्यांच्या हाती वाण लागत नाही.

1990 च्या सुमारास हे धान तळोधीच्या बाजारात गेले. त्या वेळी एचएमटीचे घड्याळ मोठ्या मानाचे; व्यापाऱ्याने तेच नाव धानाला दिले. धान परराज्यांतही पसरले. दादाजींनी पुढे आणखीही वाण काढले. 2005 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये फोर्ब्स मासिकाने नाव घेतले. पैसा मात्र बियाणे विकणाऱ्यांकडे गेला. 3 जून 2018 रोजी गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामच्या रुग्णालयात दादाजी वारले. शेवटपर्यंत घरची ओढाताण सुटली नव्हती.

आम्ही गेलो तेव्हा रोवणी चालू होती. गुडघाभर चिखल, वरून पावसाची झड, बायांच्या हाती पऱ्ह्यांच्या जुड्या. कष्टावर लिहायला आलो आहे, असे मी एका म्हाताऱ्या बाईंना सांगितले. त्यांनी पाठ सरळ केली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, “लिवा ना भाऊ. पण धानाच्या भावाचंबी लिवजा.”

आणि पुन्हा वाकून रोवू लागल्या.