मूर्खलक्षणांची संध्याकाळ

अंबड तालुक्यातलं अंकुशनगर म्हणजे साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. दिवाळीनंतर गळीत सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या नि ट्रॅक्टर, आणि हवेत मळीचा असा उग्र वास की पाहुणीनं नाकाला पदर लावावा. (तिसऱ्या दिवशी तो जाणवेनासा होतो, माणूस कशालाही सरावतो!) कारखान्याचं नाव 'समर्थ'. इथे ते परकं वाटत नाही, कारण समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली रामनवमीला तिथे ठोसरांच्या घरी नारायण जन्मला.

जांबला जाऊन दर्शन घेतलं. पण समर्थ खरे भेटले ते अंकुशनगरला, नणंदेच्या ओसरीवर. तिचे सासरे रोज संध्याकाळी 'दासबोध' वाचतात. वीस दशक, दोनशे समास. पण आळीतल्या बायका जमतात त्या दुसऱ्या दशकाला, मूर्खलक्षणं ऐकायला. आपली स्तुती आपणच करतो, तो मूर्ख. दोघं बोलत असताना तिसरा जाऊन बसतो, तो मूर्ख. पोथी स्वतः वाचत नाही, दुसऱ्याला देत नाही, नुसती बांधून ठेवतो, तोही मूर्ख. (मला शाळेतलं कुलूपबंद कपाट आठवलं.) खसखस पिकते. कुणाला विहीण आठवते, कुणाला शेजारीण. स्वतःचं तोंड मात्र एकीलाही आठवत नाही.

बाई, बोहल्यावरून पळालेल्या या माणसाला संसारातल्या खाचाखोचा कळल्या कशा? भिक्षेच्या निमित्तानं लहानथोर पारखून घ्यावेत, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. खरंच आहे. झोळी घेऊन दारात उभं राहिलं की वाढणारीचा हात दिसतो आणि आतला आवाजही ऐकू येतो.

मग ते लक्षण आलं. घरच्यांवर दातओठ खातो आणि बाहेर गेला की गरीब बापुडा, तो मूर्ख. हसू थांबलं. कोपऱ्यात एक जण बसली होती, कधी न बोलणारी. तिचा नवरा चौकात सगळ्यांशी हात जोडून बोलतो. भिंतीपलीकडे काय चालतं ते आळीला ठाऊक आहे. तिला न्यायला तो तेव्हाच फाटकाशी येऊन उभा राहिला होता.

ती हळूच म्हणाली, "आबा, तेवढं एक पुन्हा वाचा की. नीट ऐकू नाही आलं."

आबांनी चष्मा पुसला, फाटकाकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात पुन्हा वाचलं.