थोरल्यांच्या आठवणी, धाकट्यांचे आरोग्य

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की अनेक घरांत पूर्वजांची नावे उच्चारली जातात. वडील, आजोबा, पणजोबा. पाठोपाठ आईच्या माहेरची माणसे. श्राद्धविधीवर आपली श्रद्धा असो वा नसो, तीन पिढ्या मागे जाऊन एकेकाची आठवण काढण्याचा त्यातील आग्रह मला डॉक्टर म्हणून फार मोलाचा वाटतो. आनुवंशिक आजारांचे तज्ज्ञही घराण्याचा तक्ता मांडताना सामान्यतः तीन पिढ्यांचीच माहिती विचारतात. दोघांचे हेतू वेगळे, परंतु प्रश्न एकच असतो: आपल्या आधी या घरात कोण होते, आणि ते कशाने गेले?

आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर थोरल्या आत्यांकडे असे. पितृपंधरवड्यात खीर-वड्यांचे जेवण झाले, पंगत उठली, की त्या माजघरात सुपारी कातरीत बसत आणि आम्ही मुले त्यांच्याभोवती जमत असू. गुरुजींनी सकाळी नुसते नाव घेतलेले असे. आत्या त्या नावाला चेहरा देत. माझे आजोबा त्यांच्या बोलण्यातूनच मला भेटले. त्यांना गुळाची फार आवड. शेवटच्या काही वर्षांत त्यांची तहान भागत नसे. रात्री उशाशी भरून ठेवलेला तांब्या पहाटेपूर्वीच रिकामा होई. ते लघवीला गेले की मोरीत मुंग्या लागत. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठीवर काळपुळी उठली आणि आठ दिवसांत सारे आटोपले. एवढे सांगून आत्या क्षणभर अडकित्ता थांबवीत.

आमच्या घरी ती एका गोडघाशा, मायाळू माणसाची गोष्ट होती. वैद्यकीय महाविद्यालयात मधुमेहाचा धडा शिकताना मात्र ती मला निराळीच ऐकू आली. न भागणारी तहान, मुंग्या, काळपुळी: पुस्तकातील लक्षणे मी लहानपणापासून आत्यांच्या तोंडून ऐकत आले होते. गेलेल्या माणसाचे निदान मागाहून खात्रीने करता येत नाही. परंतु मागे राहिलेल्यांच्या तपासणीला तेवढे निमित्त पुरेसे असते. सुटीत घरी आल्यावर मी वडिलांची रक्तशर्करा तपासून घेतली. त्यांची काहीही तक्रार नव्हती, तरी ती वाढलेली निघाली. औषध, पथ्य आणि रोजचे चालणे यांच्या बळावर ते ८१ वर्षे जगले, आणि अखेरपर्यंत विनासायास वर्तमानपत्र वाचत राहिले. आम्ही भावंडे आजही दर वर्षी तपासणी करून घेतो.

वडीलधाऱ्यांची भाषा आपण नीट ऐकली पाहिजे. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे बहुधा अर्धांगवायू. ‘छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले’ यामागे बरेचदा हृदयविकार असतो. आजार केव्हा जडला हे विचारले, तर इसवी सन क्वचितच मिळतो, घटना मिळते. आमच्या कऱ्हाडच्या बाजूला कोणी सांगते, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या वर्षी.’ तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. पुण्याकडील रुग्ण पानशेत फुटल्याचा हवाला देतात. ती तारीख १२ जुलै १९६१. कोणी १९७२च्या दुष्काळाची, तांबड्या मिलोच्या भाकरीची खूण सांगतात. अशा खुणांवरून मी वयाचा हिशेब मांडते, कारण वयालाच महत्त्व असते. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्यांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल व साखर यांकडे लवकर लक्ष द्यावे आणि तंबाखूपासून दूर राहावे. ऐंशीव्या वर्षी आलेल्या झटक्याचा अर्थ तितका गंभीर नसतो.

घराण्याच्या या इतिहासात स्त्रिया फार लवकर हरवतात. लग्नात त्यांचे नाव बदलले जाई. दोन पिढ्यांनंतर माहेरचे नावही कोणाला आठवत नसे. अविधवा नवमीला ज्यांचे स्मरण होते, त्यांच्याविषयी ‘बाळंतपणात गेली’ यापलीकडे घरात काही ठाऊक नसते. रक्तस्राव झाला, ताप आला, की झटके आले, हे विचारायचे राहून जाते. स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाची आनुवंशिक प्रवृत्ती वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकते. म्हणून मावशीइतकीच आत्याही विचारात घ्यावी. मामाच्या मुलीशी लग्न झालेली जोडपी घराण्यात असतील, तर तेही नोंदवावे. काही आनुवंशिक आजारांच्या बाबतीत त्याला महत्त्व असते.

काही आठवणींपाशी घरातला आवाज खाली येतो. ‘पाय घसरून विहिरीत पडली,’ एवढेच सांगून विषय बदलला जातो. अशा ठिकाणी उलटतपासणी करू नये. एकांतात, हात हाती घेऊन विचारावे. सांगावेसे वाटले नाही तर थांबावे. परंतु पणजीचे नैराश्य घराला ठाऊक असेल, तर पणतीची उडालेली झोप आणि हरपलेले मन ‘नखरे’ ठरणार नाही; तिला वेळेवर उपचार मिळतील. त्या मौनाची किंमत बहुधा पुढच्या पिढीला मोजावी लागते.

आपण दिवाळीला एकत्र जमाल तेव्हा एक दोनशे पानी वही घेऊन बसा. आरंभ आजारांपासून करू नका. तुमच्या लहानपणी फराळाला काय असे, उटणे कोण लावी, असे विचारा. माणसे आपोआप येत जातील. मग प्रत्येकासाठी एक पान ठेवा: नाव, स्त्री असल्यास माहेरचे नाव, गाव, झालेले आजार, ते जडले त्या वेळचे वय, मृत्यूचे वय व कारण. शक्य असेल आणि त्यांची संमती असेल, तर मोबाईलवर आवाजही जपून ठेवा. ही वही पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना दाखवा. तिची धास्ती मात्र घेऊ नका. वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे. वाट कोठे निसरडी आहे, एवढेच तो सांगतो.

हे काम लांबणीवर टाकू नये, असे मी आग्रहाने सांगते. आमच्या आत्यांची स्मृती अखेरच्या दोन वर्षांत विझत गेली. त्या मला परिचारिका समजून ‘बाई’ म्हणत. सुदैवाने तोवर माझी वही भरली होती. तिच्यातील एका पानावर त्यांच्या पाठच्या बहिणीची नोंद आहे. ती चौथ्या वर्षी देवीच्या साथीत गेली. तिचा ना फोटो आहे, ना कोठे नोंद. ‘तिचे नाव घेणारी मीच काय ती उरले, तू लिहून ठेव,’ असे आत्या म्हणाल्या होत्या. त्या नोंदीचा माझ्या वैद्यकीय कामासाठी काही उपयोग नाही, कारण देवीचा रोग जगातून गेला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीरही केले. तरीही ते पान मी जपले आहे. आपल्याही घरी असे एखादे नाव कोणाच्या तरी ओठांवर थांबलेले असेल. ते या दिवाळीत विचारून घ्या.