आधी सोनोग्राफी, मग मुहूर्त
भोकरदन तालुक्यातला माझा मित्र. आजोबा, मग वडील, दोघांच्याही किडन्या निकामी झाल्या. गावात म्हणायचे, "पाणीच खराब." मित्र डायलिसिसवर गेला. धाकटा भाऊ किडनी द्यायला निघाला, तर तपासणीत त्याच्याही किडन्यांत पाण्याच्या गाठी!

दोष जनुकाचा. पीकेडी-१ हे जनुक १९९४ साली सापडलं, पीकेडी-२ १९९६ साली. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी.

मित्राची मुलगी वीस वर्षांची. स्थळं येतायत. सोयरीक मोडेल म्हणून घरात तपासणीचं नाव कुणी काढत नाही.

अहो, बीपी वेळीच आटोक्यात ठेवला तर किडनी जास्त वर्षं साथ देते. पण त्यासाठी आधी कळायला तर पाहिजे!