दुसऱ्याची ठेव

पैठणात ख्रिस्ती म्हणून राहणाऱ्याने नम्रतेचा विचार संत एकनाथांना, म्हणजे नाथांना, वगळून करावा, हे मला शक्य वाटत नाही. मात्र नाथांची नम्रता सांगताना लोक हमखास थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरणारे नाथ सांगतात, नाहीतर गाढवाला कावडीतले पाणी पाजणारे. मला त्याहून मोठे वाटते ते त्यांचे शके १५०६चे, म्हणजे १५८४चे काम. ज्ञानेश्वरीला तेव्हा जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या, ग्रंथ शुद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. हे सांगणारा माणूस काही सामान्य नकलनवीस नव्हता. एकनाथी भागवत काशीत १५७३ मध्येच पुरे झाले होते. त्यांनी स्वतःच्या दोन ओव्या मध्ये सरकवल्या असत्या तर कोणाच्या लक्षातही आले नसते. ज्याला जमते त्याने हात आवरणे, ही माझ्या मते कारभारीपणाची खरी कसोटी. पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात कारभाऱ्याकडून विश्वासूपणाचीच अपेक्षा करतो; हुशारीचा किंवा कर्तबगारीचा उल्लेख तिथे नाही.

हिंदू संताचा दाखला ख्रिस्ती माणसाने का घ्यावा, असे आमच्यातलेच काही जण विचारतात. नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, तेव्हा ही वाट आमच्या मंडळीला नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी तर उतारवयात मराठी संतचरित्रे इंग्रजीत नेण्याचे काम अंगावर घेतले. महीपतींनी सांगितलेले एकनाथचरित्र त्यांनी १९२७ मध्ये छापले आणि पुढच्याच वर्षी नाथांच्या भागवतातली भिक्षुगीता. धन साठवून ते गमावणाऱ्या कृपण ब्राह्मणाची ती कथा एका मिशनऱ्याने निवडावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धन्याचा पैसा जसाच्या तसा पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो. मग काहीच न वाढवणारे नाथ त्याच्यासारखेच नव्हेत का? नव्हेत. त्या चाकराने धन कोणाच्या उपयोगी पडू दिले नाही. नाथांनी ज्ञानेश्वरी वाचकांच्या हाती पुन्हा धडपणे दिली, आणि स्वतःचे म्हणायचे होते ते भागवतात, रामायणात, भारुडांत स्वतःच्या नावावर म्हटले. ठेव वाढवणे वेगळे आणि ठेवीवर आपले नाव चढवणे वेगळे. घोटाळा होतो तो हा भेद पुसला जातो तेव्हा.

महाराष्ट्रात मिशनच्या काळातल्या जागा, शाळा, दवाखाने अशीच ठेव म्हणून आज विश्वस्तांच्या हाती आहेत. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे अशी स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. हे कलम हवेच. पण विकायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी कारभारी ‘माझी शाळा’ म्हणू लागलेला असतो, आणि त्याला कोणते कलम लावणार? तिथे हिशेबच उपयोगी पडतो. नेमका तो मागितला की ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे उत्तर तयार असते, आणि तेही बहुधा अगदी नम्र आवाजात. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने असा प्रश्न केला नाही. प्रेषित असूनही त्याने तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, आणि कारणही उघड लिहिले: एवढ्या रकमेबाबत कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा हा आठवा अध्याय आपल्याकडे दानाच्या रविवारी हमखास वाचतात. कमिटीच्या निवडणुकीआधी तो वाचायला काय हरकत आहे?